सह्यांची फाईल

२०२० च्या जानेवारीत, बर्लिनचा चित्रपट महोत्सव तोंडावर आला असताना, एका जर्मन साप्ताहिकाने महोत्सवाचे पहिले संचालक आल्फ्रेड बाउअर यांचे जुने दप्तर उघडले. पंचवीस वर्षे महोत्सव चालवणारे हे गृहस्थ हिटलरच्या राजवटीत सरकारी चित्रपटखात्यातले वजनदार अधिकारी होते. त्यांच्या नावाचा पुरस्कार तातडीने स्थगित झाला. आदल्याच वर्षी चान्सेलर मर्केल यांच्या दालनातून एमिल नोल्डे यांची चित्रे उतरली होती. नाझींनी ज्यांच्या हजाराहून अधिक कलाकृती जप्त केल्या, ते नोल्डे स्वतः नाझी पक्षाचे निष्ठावंत होते!

जर्मनीला हे एवढे उशिरा कसे सुचले? सांगणारा कोणी नव्हता, असे मुळीच नाही. योसेफ वुल्फ होते. जन्म १९१२ चा, बालपण क्राकोत. ऑश्विट्झमधून जिवंत सुटलेले ज्यू. १९६३-६४ मध्ये त्यांनी हिटलरशाहीतील चित्रकला, संगीत, साहित्य, नाटक-चित्रपट आणि वृत्तपत्रे-रेडिओ यांवर पाच जाडजूड ग्रंथ काढले. स्वतःचे भाष्य बेताचेच. बाकी अर्ज, परिपत्रके, अभिनंदनाची पत्रे आणि खाली सह्या.

माझी हयात बँकेत गेली. कर्जदार काय बोलतो यापेक्षा कागदावर सही कोणाची आहे, हे आम्ही आधी पाहत असू. वुल्फ यांची रीत तीच होती. १९३३ पासून सरकारी संस्कृतिमंडळाचे सदस्यत्व नसेल तर कलावंताला धंदा करता येत नसे. संपादकांसाठी त्याच वर्षी वेगळा कायदा आला. पोटासाठी सदस्य होणे समजू शकते. पण ज्यू सहकाऱ्याची खुर्ची रिकामी झाली म्हणून आनंदाने पुढे सरकणे, याला सक्ती कशी म्हणायची?

वुल्फ यांना विद्यापीठात खुर्ची कधीच मिळाली नाही. बर्लिनच्या एका विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली, तेवढेच. वॉर्सातले जर्मन आरोग्याधिकारी विल्हेल्म हागेन यांच्याविषयी त्यांनी लिहिले, तेव्हा म्युनिकच्या नामांकित इतिहास संस्थेतले मार्टिन ब्रोसाट हागेन यांच्या बाजूने उभे राहिले. छळ सोसलेला माणूस पक्षपाती आणि त्या काळात निवांत राहिलेला तटस्थ, असा तेव्हाचा विद्वत्तेचा हिशोब होता. ब्रोसाट १९७२ मध्ये त्या संस्थेचे संचालक झाले. १९४४ च्या नाझी पक्षाच्या दप्तरात त्यांचे नाव असल्याचे उजेडात आले ते त्यांच्या मृत्यूनंतर.

बर्लिनमध्ये वान्झे तळ्याकाठी एक बंगला आहे. २० जानेवारी १९४२ रोजी तिथे पंधरा बड्या अधिकाऱ्यांनी युरोपातील ज्यूंच्या संहाराची व्यवस्था ठरवली. युद्धानंतर तिथे शाळकरी मुले सहलीला राहत. या बंगल्यात कागदपत्रांचे केंद्र व्हावे म्हणून वुल्फ यांनी १९६६ पासून सरकारदरबारी खेटे घातले. नकारच मिळाला. १९७३ मध्ये पत्नी गेली. १९७४ च्या ऑक्टोबरात त्यांनी बर्लिनमध्ये आत्महत्या केली.

त्या बंगल्यात स्मारक उघडले ते १९९२ मध्ये. तिथल्या ग्रंथालयाला योसेफ वुल्फ यांचे नाव दिले आहे.