तहकूब सभेचे ठराव

गणपूर्ती झाली नाही म्हणून ग्रामसभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून मोजक्या सह्यांवर सगळे ठराव उरकायचे, हा रिवाज अनेक गावांत मुरला आहे. कायद्यात तो बसतो. तरीही सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी असलेल्या आपल्या वाचकांनी तो मोडावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

नियम फार काही मागत नाही. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांत जो आकडा कमी असेल तो. म्हणजे चार हजार मतदारांच्या गावातही शंभर माणसे पुरतात. ती जमली नाहीत की आपण लोकांच्या उदासीनतेला दोष देतो. पण सभा ऐन काढणीत सकाळी अकराला, लाभार्थ्यांची यादी आधीच ठरलेली, मागच्या ठरावांचे काय झाले ते कुणी सांगत नाही. अशा सभेसाठी मजुरी कोण बुडवील?

सरपंचाला निवडणूक अधिकार देते, अधिकाऱ्याला नेमणूक. ग्रामसभेला कुणी निवडत नाही. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने तिला राज्यघटनेत स्थान दिले. पाच वर्षांसाठी मिळालेल्या सत्तेला मधल्या काळात गावासमोर हिशेब द्यावा लागतो तो इथेच. तहकूब सभेत हिशेब विचारणारेच नसतात.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय सर्वसहमतीने होतात. विरोध असेल तर विषय थांबतो, पुन्हा बोलणे होते. वेळ जातो, पण अभ्यासगटांत विषय आधीच घोळलेला असतो. याच ग्रामसभेने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही. गाव लहान आहे, हे खरे. मोठ्या गावाला ही रीत जशीच्या तशी पेलणार नाही. पण ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद सगळ्यांनाच आहे. ती कागदावर न उरकता वाडीवस्तीवर घ्या, आणि ग्रामसभेची वेळही तिथेच ठरवा.

सभेत पहिला विषय मागच्या ठरावांच्या अंमलबजावणीचा असू द्या, खर्चाच्या आकड्यांसह. इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ एवढेच लिहून थांबू नका. कुणी कोणती हरकत घेतली, तिला काय उत्तर मिळाले, तेही नोंदवा. आणि सभा तहकूब करावी लागलीच, तर पुढच्या बैठकीची दवंडी प्रत्येक वस्तीवर द्या.