मोहल्ल्याची नाडी कुणी बघायची?

२०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवर पसरला, लहान मुलं दगावली. मालेगाव आणि भिवंडीतूनही तशाच बातम्या आल्या. तेव्हा टीव्हीपासून चहाच्या टपरीपर्यंत एकच निदान ऐकू येत होतं : "हे लोक लस घेत नाहीत." कारण सापडलं, गुन्हेगारही सापडले. का घेत नाहीत, हे विचारायची तसदी फार थोड्यांनी घेतली.

लसीबद्दल काही घरांत संशय आहे, हे मी नाकारत नाही. अफवा आपल्याकडे पसरतात आणि त्या पसरवणाऱ्यांना आपण सांभाळूनही घेतो. पण 'अज्ञान' या एका शब्दाखाली किती गोष्टी झाकल्या जातात, ते बघा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो. तेवढ्या काळात भाड्याची खोली बदलते, कार्ड हरवतं, बाई गावी जाऊन येते. नगावर शिवणकाम करणाऱ्या आईला लसीनंतर तापलेलं बाळ म्हणजे बुडालेली मजुरी. यातलं कोणतं कारण किती घरांत आहे? हे विचारल्याशिवाय कळणार नाही. आणि फॉर्म घेऊन दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला कोणतीही आई "हो, घेतली" म्हणून वाटेला लावते. शेजारच्या गल्लीतल्या मुलीने घरच्या बोलीत विचारलं, तर ती खरं सांगेल.

हे स्वप्नरंजन नाही. मुंबईत रे रोडजवळ कौला बंदर नावाची वस्ती आहे. अभ्यास झाला तेव्हा जमीन पोर्ट ट्रस्टची होती, वस्ती अधिसूचित नव्हती, म्हणून पालिकेच्या सोयीही नव्हत्या. तिथे 'पुकार' संस्थेने स्थानिक तरुण-तरुणींना संशोधनाचं प्रशिक्षण दिलं आणि तज्ज्ञांसोबत पाण्याचा अभ्यास केला. पालिकेचा दर हजार लिटरला सव्वादोन रुपये होता. इथली कुटुंबं हंगामानुसार त्याच्या ५२ ते २०६ पट पैसे मोजत होती! "झोपडपट्टीत पाणी फुकट वापरतात" म्हणणाऱ्यांना याहून मोठी चपराक कोणती? पुढे याच तरुणांच्या मदतीने वस्तीतल्या मानसिक ताणाचाही अभ्यास झाला. 'पुकार'चे संस्थापक अर्जुन अप्पादुराई यांनी २००६ साली संशोधन हा प्रत्येकाचा हक्क असल्याचं मांडलं होतं. विद्यापीठाची पायरी न चढलेल्यांचाही.

आता सरकारकडे बघा. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी. त्यात समवयस्क 'साथी' नेमायची तरतूद आहे. पण त्या साथींचं मुख्य काम काय? वरून आलेली माहिती खाली पोहोचवणं. खालचा प्रश्न वर नेणारा साथी कुठे आहे? मुलं निरोप्या म्हणून चालतात. "दवाखान्यात आमच्याशी असं का बोलतात?" असं विचारणारी मात्र चालत नाहीत.

दुसरी अडचण आपल्या घरातली आहे. "मुलींनी दारोदार फिरून सर्व्हे कशाला करायचे?" असं विचारणाऱ्या बुजुर्गांना माझा उलटा सवाल आहे : तुमच्या सुनेच्या पाळीचा त्रास, मुलीचा अशक्तपणा, बाळंतिणीची उदासी हे कोण विचारणार? पुरुष सर्व्हेवाला विचारू शकत नाही, तुम्ही विचारत नाही. मग राहिलं कोण? घरातलं दुखणं घरात दाबणं याला आपण शराफत समजतो. त्या शराफतीची किंमत बायका भरतात.

मी वर्गात रोज बघतो. आमची मुलं घरी उर्दू-दखनी बोलतात, अर्ज मराठीत लिहितात, आजीला औषधाची चिठ्ठी वाचून दाखवतात, सरकारी रुग्णालयाच्या रांगेत तिच्यासोबत उभी राहतात. दवाखाना आणि मोहल्ला यांच्यामधला दुभाषा आज तीच आहेत. त्यांच्या हाती वही देऊन त्यांनाच प्रश्न ठरवू द्यायला काय हरकत आहे?

मात्र प्रमाणपत्र वाटून फोटो काढण्यापुरतं हे नको. मुलांनी मोजलेलं आधी मोहल्ल्यात वाचून दाखवा, मर्दांसोबत बायकांनाही बसवून. मग ते आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि उत्तराची तारीख मागा. उत्तर नाही आलं, तर पुन्हा जा. पुढच्या साथीत कुणी "हे लोक" म्हणून बोट दाखवलं, तर आपल्या हातात निदान आपली स्वतःची आकडेवारी असेल.