चर ढासळला तर आत उडी घेऊ नका

जाहीर आवाहन

कामगार बंधू-भगिनी, मुकादम, ठेकेदार, घरमालक आणि परिसरातील सर्व नागरिकांना कळकळीची विनंती.

ड्रेनेजची किंवा पाण्याची लाइन टाकायची, पाया खोदायचा, म्हणजे चर आलाच. त्याची कड ढासळली की वरची माणसे फावडी घेऊन आत उतरतात. आत गाडला गेलेला बहुधा भाऊ असतो, गाववाला असतो, म्हणून थांबवत नाही. पण एकदा ढासळलेली कड पुन्हा ढासळते आणि वाचवायला गेलेलाच तिच्याखाली सापडतो.

एक घनमीटर माती दीड टनाहून जड भरते. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाचे तोंड उघडे असले तरी तो गुदमरतो. प्रत्येक श्वास सोडताना माती आणखी घट्ट बसते. म्हणून प्रत्येक मिनिट मोलाचे आहे, ते असे वापरा:

१. आत कोणी असेल आणि त्याला स्वतः चढता येत असेल, तर लगेच बाहेर बोलवा.

२. ११२ किंवा अग्निशमन दलाच्या १०१ वर फोन करा, रुग्णवाहिकेसाठी १०८. ठिकाण, जवळची खूण, चराची खोली आणि किती माणसे अडकली ते सांगा. मदतीच्या गाडीला वाट दाखवायला एकाला रस्त्यावर उभे करा.

३. जेसीबी, पोकलेन, डंपर बंद करा. यंत्राच्या बादलीने माती उपसू नका. तिचा दाता माणसाला लागेल. यंत्राच्या हादऱ्याने कड सुटते. रस्त्यावरची वाहतूकही थांबवा.

४. गर्दी काठापासून दूर हटवा. काठावर उभ्या माणसांचे वजनही कडेवरच येते.

५. माणूस शेवटचा कुठे दिसला ते पाहणाऱ्याला जागेवरच थांबवा. दल आल्यावर पहिला प्रश्न तोच असेल.

६. अर्धवट गाडलेल्याला दोरीने ओढू नका, मणका दुखावतो. त्याच्याशी बोलत राहा. बाहेर आल्यावर तो ठीक दिसला, तरी दवाखान्यात न्याच. दबलेले अंग मोकळे झाल्यावरही जिवाला धोका असतो.

ठेकेदार आणि घरमालकांनो, ही वेळ टाळणे तुमच्या हाती आहे. आयएस ३७६४ या भारतीय मानकानुसार दीड मीटरहून खोल चराला आधार द्यावा, नाहीतर कड उतरती करावी. उपसलेली माती काठावर रचू नका. दर १५ मीटरला शिडी ठेवा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. पाऊस पडून गेल्यावर कड तपासल्याशिवाय कोणालाही आत उतरवू नका.

आणि नागरिकहो, आपल्या गल्लीतल्या चरात माणूस डोक्याइतका खाली दिसला, पण फळ्या किंवा टेकू दिसले नाहीत, तर मुकादमाला विचारा. ऐकले नाही तर पालिकेला कळवा. ती फळी लावायला थोडा वेळ जातो. पण तीच नसल्याने कोणाच्या घरचा माणूस जातो.

आपले नम्र,
परिसरातील जागरूक नागरिक