वेल आणता येईल. थंडी कशी आणणार?

डेंग्यूच्या दिवसांत विठ्ठलवाडी स्थानकाबाहेरच्या फळगाड्यांवर किवीचा भाव वधारतो. निफाडकडे द्राक्षबाग असलेल्या आमच्या एका आप्तांनी हे पाहून परवा विचारले, "एवढी मागणी आहे, तर द्राक्षे काढून त्याच मांडवावर किवी का चढवू नये? रोपवाटिकावाला उत्पन्नाची खात्री देतो आहे." प्रश्न घरगुती असला, तरी त्यात एका कुटुंबाची उभी बाग आणि चार-पाच वर्षांची मिळकत पणाला लागणार आहे. म्हणून त्याचे उत्तर जाहीरपणे द्यावेसे वाटते.

रोपवाटिकावाल्याचा युक्तिवाद वरवर पटण्याजोगा आहे. किवी मूळची चीनची. १९०४ मध्ये इझाबेल फ्रेझर या शिक्षिकेने तिचे बी न्यूझीलंडला नेले आणि १९५९ मध्ये तेथील निर्यातदारांनी तिला आपल्या पक्ष्याचे नाव दिले. आज इटली व न्यूझीलंड या दोन्ही देशांत वाइनची द्राक्षेही पिकतात आणि किवीही. मग वाइनसाठी नावाजलेल्या नाशिकात ती का पिकू नये?

भेद आहे तो हिवाळी निद्रेचा. थंड देशांत दोन्ही वेली पाने गाळून झोपी जातात. नाशिकात द्राक्षवेलीला तशी झोप मिळत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी करून आपल्या शेतकऱ्याने तिला इथल्या ऋतूंत बसवून घेतले. किवी अशी वळत नाही. सर्वाधिक प्रचलित हेवर्ड वाणाला सात अंशांखालील थंडीचे सुमारे ७०० ते ८०० तास लागतात. ते न मिळाल्यास डोळे नीट फुटत नाहीत, फुले धरत नाहीत. निफाडचा पारा एखाद्या पहाटे पाच अंशांखाली उतरतो खरा, पण दुपारच्या उन्हात ती थंडी टिकत नाही. पुढे वैशाखात तिची रुंद पाने होरपळतात. पिवळ्या गराच्या काही वाणांना थंडी कमी लागते, पण लागतेच.

हा केवळ तर्क नव्हे. १९६० मध्ये बंगळुरूच्या लालबागेत किवी लावली गेली. तेथील सौम्य हवेत ती फळली नाही. १९६३ मध्ये सिमल्यात लावलेल्या वेलींना मात्र १९६९ मध्ये फळे आली. आज हिमाचल आणि अरुणाचलच्या झिरो खोऱ्यात किवीच्या बागा उभ्या आहेत.

आप्तांना आम्ही एवढेच सांगितले : हौस असेल तर परसात एक नर आणि एक मादी अशा दोन वेली लावा, दोन्ही असल्याशिवाय फळ नाही. बाग मात्र मोडू नका. रोपवाटिकावाल्याला म्हणावे, आधी आपल्या जिल्ह्यातली फळांनी लगडलेली किवीची बाग दाखव.

स्वदेशीचा अर्थ प्रत्येक अंगणात प्रत्येक फळ पिकवणे असा नाही. देश एक असला तरी त्याचे हवामान अनेक आहे आणि तेच आपले वैभव आहे. नाशिकने द्राक्षे पिकवावीत, झिरोने किवी. विठ्ठलवाडीच्या गृहिणीने गाडीवाल्याला फळ कुठले ते विचारून आपल्या डोंगराळ बांधवांचे फळ घ्यावे. आणि एक ध्यानात ठेवावे : किवी हे डेंग्यूवरचे औषध नव्हे. 'क' जीवनसत्त्वच हवे असेल, तर त्याच गाडीवरच्या पेरूत ते किवीच्या दुपटीहून अधिक असते.