नाटक शिकायला निघालेल्या लेकरांमागे समाज उभा राहणार काय?

बारावीचा निकाल लागला की आमच्या वस्त्यांमध्ये एकच प्रश्न फिरतो, पोरगं आता काय करणार? कुरकुंभसारख्या गावात या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ ठरलेले असते. पुणे-सोलापूर महामार्गाच्या कडेला औद्योगिक वसाहत आहे, रसायनांचे कारखाने आहेत, कामगार पुरवणारे ठेकेदार आहेत. आयटीआय कर आणि कंपनीत चिकट. थोडे बरे गुण असतील तर नर्सिंग, नाहीतर पोलीस भरती. अशा घरातली एखादी मुलगी उठून म्हणते की मला नाटक शिकायचे आहे, पुण्याच्या विद्यापीठात त्याची पदवी मिळते, तेव्हा घरात जी शांतता पसरते तिचा विचार चळवळीने कधी केला आहे काय? आम्हाला वाटते, केलेला नाही. म्हणून आज हा विषय.

त्या घरातल्या बापाच्या शांततेला आम्ही अडाणीपणा म्हणणार नाही. तिच्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. कुरकुंभहून पुण्याकडे निघाले की वाटेत चौफुला लागतो. तिथल्या कला केंद्रांच्या पाट्या सगळा तालुका ओळखतो. आत नाचणाऱ्या बाया कोणत्या जातींतून येतात आणि समोर पैसे उधळायला कोण बसतात, हे सांगायला पंडित लागत नाही. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहिले आणि त्या झगमगाटामागचा अंधार साऱ्या महाराष्ट्रापुढे मांडला. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींकडून गौरव झाला. त्याच विठाबाईंची अखेरची वर्षे हलाखीत गेली आणि २००२ साली त्या गेल्या. आज त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देते. कलावंत जिवंत असताना उपाशी आणि मेल्यावर पुरस्कार, ही या राज्याची जुनी रीत आहे. मग ‘आमच्या लेकीने पुन्हा बोर्डावर उभे राहायचे काय?’ असे बाप विचारत असेल, तर त्याचे काय चुकले?

चळवळीचे पहिले उत्तर तर नकाराचेच होते आणि ते योग्य होते. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली मदत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारली, हा प्रसंग आमच्या वाचकांना ठाऊक आहे. महार स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा महारांच्या मुक्तीसाठी नको, इतकी स्वच्छ ती भूमिका होती. चळवळीला पैशाची किती गरज होती हे बाबासाहेबांइतके कोणाला कळत होते? तरीही त्यांनी तो घेतला नाही. गावकीची कामे सोडा, मेलेली ढोरे ओढणे सोडा, हा जो आदेश होता त्याच रांगेत फडावरचे नाचणे सोडणेही येत होते.

पण इथेच आमच्यातले अनेकजण थांबतात आणि अर्धेच बाबासाहेब वाचतात. बाबासाहेबांनी नाकारली ती कलेतली गुलामी. कला त्यांनी कधीच नाकारली नाही. भीमराव कर्डकांच्या जलशाला त्यांनी जवळ केले. आपली दहा भाषणे आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असे ते म्हणाल्याचे चळवळीत आजही सांगितले जाते. ज्या गण-गवळणीच्या चौकटीत कृष्ण आणि गवळणी नाचत होत्या, त्याच चौकटीत जलसाकारांनी पाणवठा, सावकार आणि शाळा आणून बसवली. पुढे औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ नाटक लिहिले आणि १९५५ साली ते महाविद्यालयात रंगमंचावर आले. बाबासाहेबांनी काढलेल्या महाविद्यालयात नाटकाला जागा होती. आमच्या घरात मात्र अजून नाही. ही विसंगती कोणी सांगायची?

आता ही मुलगी घरच्यांशी भांडून, रडून, एखाद्या मामाला मध्ये घालून प्रवेश घेते असे समजू. पुण्यात विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून नाट्य, संगीत आणि नृत्य शिकवते. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे. बाबासाहेबांच्या नावाच्या मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे आणि ‘गावकी’ लिहिणारे डॉ. रुस्तुम अचलखांब यांनी तिथे शिकवले आहे. म्हणजे दार बंद नाही. आमच्या पोरांना अंगण, उंबरा आणि माजघर यांतला फरक मात्र आत गेल्यावरच कळतो.

पहिल्याच आठवड्यात भरतमुनींचे नाट्यशास्त्र येते. पहिला अध्याय सांगतो की शूद्रांना वेद ऐकण्याचा अधिकार नव्हता, म्हणून सर्व वर्णांसाठी नाट्य हा पाचवा वेद निर्माण झाला. वर्गात हे मोठ्या कौतुकाने सांगतात. त्याच ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात, ऋषींची टिंगल केली म्हणून भरताच्या पुत्रांना शूद्र होण्याचा शाप मिळतो. ते किती वर्गांत सांगितले जाते? ज्याने वरच्यांची नक्कल केली तो शूद्र झाला, ही गोष्ट आमच्या मुलांनी आवर्जून वाचावी. कलावंताची जात कशी ठरली, याचे उत्तर त्या ग्रंथातच लिहून ठेवले आहे.

मग मराठी रंगभूमीचा इतिहास येतो. तो १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांच्या ‘सीता स्वयंवर’ने सुरू होतो. ठीक आहे, तारीख खरी आहे. पण १८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले, भटाच्या फसवणुकीवर आणि शिक्षणाच्या गरजेवर लिहिले, दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले आणि ते नाकारले गेले, हे किती ठिकाणी तेवढ्याच ठळकपणे शिकवतात? त्या नाटकाला छापखाना पाहायला सव्वाशे वर्षे लागली. देवांच्या लग्नाला लगेच रंगमंच मिळाला आणि कुणब्याच्या घरातल्या फसवणुकीला कमिटीने परत पाठवले. मराठी रंगभूमीचा खरा इतिहास या दोन तारखांच्या मधल्या बारा वर्षांत दडलेला आहे.

अभ्यासक्रमापेक्षा अवघड असते ते रोजचे जगणे. सकाळी शरीराचा व्यायाम, मग आवाजाची साधना, दुपारी वर्ग, संध्याकाळी तालीम. तालीम रात्री किती वाजता सुटेल याचा भरवसा नाही. कुरकुंभ पुण्यापासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास. रेल्वे धरायची तर आधी आठ-दहा किलोमीटरवरच्या दौंडला जायचे. रात्रीच्या तालमीनंतर एकट्या मुलीने हा प्रवास कसा करायचा? म्हणजे वसतिगृह हवेच. ते नसेल तर मुलगी तालमीतून लवकर निघते आणि लवकर निघणाऱ्याला मोठी भूमिका मिळत नाही. कोणीही जात विचारत नाही. घड्याळच जातीचे काम करून टाकते.

दुसरी अडचण भाषेची. आवाजाच्या तासाला ‘पानी’ आणि ‘पाणी’ यांवरून हशा पिकतो. ज्या मुलीने भीमजयंतीच्या स्टेजवर हजार माणसे खिळवून ठेवलेली असतात, ती महिनाभर तोंड उघडत नाही. आमचे या मुलांना सांगणे आहे की प्रमाणभाषा जरूर शिका. ते एक हत्यार आहे, हातात असलेले बरे. पण आईची भाषा गहाण टाकून ते घेऊ नका. ज्येऊरच्या नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ करमाळ्याकडच्या बोलीत केले आणि सारा महाराष्ट्र ती बोली ऐकायला थिएटरात गेला. ते जेऊर दौंड-सोलापूर याच रेल्वेमार्गावर आहे, हे कुरकुंभच्या पोरांनी विसरू नये.

तिसरी अडचण भूमिकांची. रंग काळा, चेहरा रापलेला, की मोलकरीण, हवालदार, गडी ठरलेले. आणि लोककलेचा विषय आला की सगळे वळून याच मुलीकडे पाहतात, ‘तुझ्या तर रक्तातच असेल.’ रक्तात काही नसते. विठ्ठल उमपांचा ‘जांभूळ आख्यान’ रक्तातून आला नव्हता, आयुष्यभराच्या कष्टातून आला होता. तबल्याला वर्षानुवर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि हलगीला अनेक ठिकाणी दोन दिवसांची कार्यशाळा. जे वाद्य आमच्या बापजाद्यांनी जातीचे ओझे म्हणून वाजवले, ते आता वारसा झाले. वारसा व्हायला हरकत नाही. पण वारसा सांगताना वारस कोण आणि त्याला बलुत्यात काय मिळत होते, हेही सांगा. जात पुसून कला शिकवणे हा चोरीचा सभ्य प्रकार आहे.

सगळेच शिक्षक असे असतात असे आम्ही म्हणत नाही. या मुलांना हात देणारे, रात्री स्वतःच्या घरी जेवू घालणारे शिक्षकही याच महाविद्यालयांत आहेत. २०१२ साली पुणे महानगरपालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन अतुल पेठे यांनी गो. पु. देशपांडे यांचे ‘सत्यशोधक’ उभे केले. ज्यांनी पहाटे या शहराचे रस्ते झाडले त्यांनीच संध्याकाळी या शहराला जोतीराव-सावित्री दाखवले. संधी मिळाली तर काय होते याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

रंगमंच ही जोखमीची जागा आहे हेही लपवण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ललित कला केंद्रात रामलीलेतल्या नटांवरच्या एका परीक्षा-प्रयोगावर अभाविपचे कार्यकर्ते चालून गेले. प्रयोग बंद पडला आणि अटक झाली ती विभागप्रमुखांना आणि विद्यार्थ्यांना. पुढे त्यांना जामीन मिळाला. पण शेतमजुराच्या घरी ‘तुमची मुलगी पोलीस ठाण्यात आहे’ असा निरोप गेला असता तर त्या घराने वकील कुठून आणला असता? ज्याच्यामागे घर आहे, पैसा आहे, ओळख आहे त्याला प्रयोग करता येतात. आमच्या मुलांमागे समाज नसेल तर कोण आहे? रोहित वेमुला २०१६ साली गेला, डॉ. पायल तडवी २०१९ साली गेली. दोघे हुशार होते. हुशारी कमी पडली नाही, एकटेपण जास्त झाले. त्यानंतर आम्ही मेणबत्त्या लावल्या, मोर्चे काढले. मोर्च्याची गरज पडू नये म्हणून काय केले, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारतो का?

म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे मांडतो.

एक, प्रवेशाच्या वेळीच या मुलांना योजनांची माहिती मिळाली पाहिजे. भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. घरचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल आणि बाकी अटी बसत असतील तर जेवण, राहणे आणि इतर खर्चासाठी थेट खात्यात पैसे येतात. ते उशिरा येतात, हे खरे. पण अर्जच केला नाही तर उशिराही येत नाहीत. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालानंतर शोधण्यापेक्षा आधी काढून ठेवा.

दोन, पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या माणसांनी पहिल्या वर्षाच्या एका तरी विद्यार्थ्याचे पालक व्हावे. रविवारी घरी बोलवा, जेवू घाला, ‘वर्गात काय चालले आहे?’ एवढे विचारा. त्याच्या प्रयोगाला जाऊन पहिल्या रांगेत बसा. प्रेक्षकांत एक ओळखीचा चेहरा असणे म्हणजे काय, हे त्या पोरालाच विचारा. महाविद्यालयात रॅगिंगविरोधी समिती आणि अनुसूचित जाती-जमाती कक्ष आहे की नाही, तो कागदावर आहे की चालतो, याचीही चौकशी करा.

तीन, जयंती. आमच्या गावोगावच्या मंडळांना आम्ही हात जोडून सांगतो, डीजेच्या भिंतीवर एका रात्रीत जेवढा पैसा जातो तेवढ्यात एका मुलीच्या वसतिगृहाचे कितीतरी महिने निघतील. त्या भिंतीपुढे कानठळ्या बसतात, कान उघडत नाहीत. तीच रक्कम एका विद्यार्थ्याला द्या आणि बदल्यात पुढच्या १४ एप्रिलला त्याच्याकडून एक नाटक मागा. वामनदादा कर्डकांना ऐकायला माणसे मैलोन्‌मैल चालत जात होती, तेव्हा कोणती भिंत उभी होती?

आता शेवटचे सांगणे मुलांना. तुम्ही पहिल्या वर्षाला आहात. विंगेत उभे राहणे, पडदा ओढणे, सेट उचलणे हेच तुमच्या वाट्याला येईल. ते काम नीट शिका, त्यात कमीपणा नाही. मात्र ते फक्त तुमच्याच वाट्याला येत असेल तर विचारायला घाबरू नका. ग्रंथालयात प्रेमानंद गज्वी शोधा, दत्ता भगत शोधा, नसतील तर मागणी करा. आणि घरी फोन करून बापाला नीट समजावून सांगा की बोर्डावर उभे राहणे आता पुन्हा तेच नाही. तेव्हा आमच्या बायांना दुसऱ्यांच्या इच्छेने, दुसऱ्यांचे शब्द घेऊन, दुसऱ्यांच्या पैशासाठी उभे राहावे लागत होते. आता तुम्ही स्वतःच्या इच्छेने, स्वतःची गोष्ट सांगायला उभ्या आहात. बाबासाहेबांनी जो पैसा परत केला त्यामागे हाच फरक होता.

कुरकुंभच्या कारखान्यांना कामगार लागतात, ते मिळत राहतील. पण त्या कारखान्यांच्या भिंतीआड काय चालते, तिथल्या कंत्राटी कामगाराच्या घरात संध्याकाळी काय शिजते, याचे नाटक दुसरा कोणी लिहिणार नाही. ते लिहिणारी मुलगी आज कुठल्या तरी वर्गात शेवटच्या बाकावर बसली आहे. तिची पहिल्या महिन्याची खाणावळ कोण भरणार, एवढेच समाजाने ठरवायचे आहे.

जय भीम.