पंचनाम्यात न मावणारे दुःख

आपत्ती ओसरली की पंचनामे सुरू होतात. किती हेक्टर जमीन खरडली, किती गुरे दगावली, किती भिंती पडल्या, याची नोंद होते. परंतु ज्या मुलाचा बाप गेला, त्याच्या मनाचे काय झाले, याला त्या कागदावर रकाना नसतो.

बुलढाणा जिल्ह्यात आपत्ती दोन रूपांनी येते. २२ जुलै २०२३ रोजी जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील शेते पुराने एका दिवसात खरडून नेली. दुसरी आपत्ती सावकाश येते. अवर्षण, नापिकी आणि कर्ज यांच्या कात्रीत सापडलेला शेतकरी जीवन संपवितो. २००६ मध्ये केंद्राने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. भूकंपात पोरक्या झालेल्या मुलाला सारे गाव पोटाशी धरते; या मुलाभोवती मात्र कुजबुज असते. शासकीय चौकशीत प्रकरण ‘अपात्र’ ठरले, तर बापाच्या मरणावर बसलेला तो शिक्का मुलाच्याही कानी पडतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर महाराष्ट्राने एक धडा घेतला होता. शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास आणली. राष्ट्र सेवा दलाने पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्ग येथे ‘आपलं घर’ उभे केले. उपदेशाने दुःख हलके होत नाही. वेळेवर घास, शाळेची घंटा, सवंगडी आणि सोडून न जाणारे एखादे मोठे माणूस यांनी ते सोसण्याजोगे होते. बुलढाण्यातील अशा पुष्कळ मुलांची आई हयात असते. त्यांना गावातून उचलून नेण्यापेक्षा गावातच हा आधार देणे श्रेयस्कर आहे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. मदतीच्या किमान निकषांत विधवा व अनाथ यांच्यासाठी विशेष तरतूद असावी, असे त्याचे कलम १२ सांगते. मानसिक आधाराची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये निघाली. ती गावच्या शाळेपर्यंत पोचली पाहिजेत, आणि अवर्षणाने पोरके झालेले मूलही त्यांच्या कक्षेत आले पाहिजे. ‘पात्र-अपात्र’ हा वाद कर्जाच्या हिशेबाचा आहे. मुलाच्या दुःखाला तो लावता येणार नाही.

कार्यकर्त्यांनी मात्र शासन निर्णयाची वाट पाहू नये. ‘बाबा गावाला गेलेत’ असे खोटे मुलाला सांगू नये. त्याच्या वयाला पेलेल एवढे खरे सांगावे आणि तोच प्रश्न त्याने दहादा विचारला, तरी ऐकावे. ‘आता तूच घरचा कर्ता’ हे वाक्य दहा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर टाकू नये. पहिला पोळा, पहिली दिवाळी, पहिले वर्षश्राद्ध या दिवशी त्याच्या घरी आवर्जून जावे. आठवडे लोटूनही झोप, अन्न वा शाळा सुटलेली राहिली, तर त्याला जिल्हा रुग्णालयात स्वतः न्यावे.

मदतीचा धनादेश एकदाच वटतो. मुलाचे दुःख मात्र वर्षानुवर्षे वाढत्या वयाबरोबर नवे प्रश्न घेऊन येते. त्या प्रत्येक वेळी दारात कोणी तरी उभे असले पाहिजे.