आपले ते ‘प्रोत्साहन’, दुसऱ्याची ती ‘खैरात’

जळगावहून भुसावळकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत नशिराबाद लागते. गाव जुने, बाजाराचे. महामार्गावर टोलनाका, जवळ सिमेंटचा कारखाना; एका अंगाला चटया आणि प्लॅस्टिकच्या नळ्या तयार करणारी जळगावची औद्योगिक वसाहत, तर दुसऱ्या अंगाला भुसावळचे रेल्वे जंक्शन आणि त्यापलीकडे दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र. सरकारी उपक्रम आणि खाजगी भांडवल यांचे इतके निकट सान्निध्य फार थोड्या ठिकाणी आढळेल. म्हणूनच येथील चहाच्या टपरीवर राजकारणाचा विषय निघाला, की तो लवकरच उद्योगांना मिळणाऱ्या सवलतींवर येऊन ठेपतो. एक म्हणतो, ‘तुमच्या राज्यात कारखानदारांची चंगळ झाली.’ दुसरा विचारतो, ‘आणि तुमच्या राज्यात काय साधूंचे राज्य होते?’ चहा संपतो, वाद संपत नाही. मात्र मदत द्यावी की न द्यावी, द्यायची तर कोणत्या अटींवर, आणि तिचा हिशेब कोणी कोणाला द्यावा, हे मूळ प्रश्न दोघांपैकी एकानेही विचारलेले नसतात.

टपरीवर जे घडते तेच विधिमंडळात आणि निवडणुकीच्या सभांत घडते, ही खरी चिंतेची बाब आहे. प्रतिपक्षाच्या दांभिकतेवर बोट ठेवले, की आपले उत्तरदायित्व संपले, अशी आपल्या सार्वजनिक जीवनाची समजूत झालेली दिसते. महाराष्ट्राच्या गेल्या काही दशकांच्या इतिहासाकडे पाहिले असता या समजुतीची किंमत किती मोठी असते, हे ध्यानात येते.

एन्रॉनचा धडा

या बाबतीत दाभोळ वीजप्रकल्पाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. 1992 च्या जूनमध्ये, राज्यात काँग्रेसचे सरकार असताना, एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी राज्य वीज मंडळाने प्राथमिक करार केला. 1993 च्या डिसेंबरमध्ये वीजखरेदीचा करार झाला. स्पर्धात्मक निविदा मागविण्यात आल्या नव्हत्या. जागतिक बँकेने त्याच वर्षी या प्रकल्पाच्या आर्थिक व्यवहार्यतेबद्दल प्रतिकूल मत दिले होते. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यावयाचा, आणि देणे डॉलरच्या दराशी बांधलेले, अशी त्या कराराची घडण होती. त्यावर राज्य सरकारची हमी आणि राज्याच्या हमीवर केंद्राची प्रतिहमी. धंदा खाजगी, नफा खाजगी आणि जोखीम मात्र सरकारची, असा हा विलक्षण संसार होता.

1995 च्या निवडणुकीत शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष यांनी हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडविण्याची घोषणा केली. सत्तेवर येताच गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखाली मंत्र्यांची उपसमिती नेमण्यात आली, आणि ऑगस्ट 1995 मध्ये मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द झाल्याचे विधानसभेत जाहीर केले. त्यानंतर सहा महिनेही लोटले नाहीत, तोच जानेवारी 1996 मध्ये फेरवाटाघाटी होऊन प्रकल्प पुन्हा स्वीकारला गेला. एवढेच नव्हे, तर त्याच्या दुसऱ्या टप्प्याचीही बांधिलकी पत्करण्यात आली. मे 1996 मध्ये केंद्रात जे सरकार अवघे तेरा दिवस टिकले, त्यानेही जाता जाता प्रतिहमीला मान्यता दिली. मे 1999 मध्ये पहिल्या टप्प्यातील 740 मेगावॅटची वीज सुरू झाली. ती इतर केंद्रांच्या विजेपेक्षा कितीतरी महाग ठरली. वीज मंडळाची बिले थकली, 2001 च्या प्रारंभी कंपनीने हमीचा हक्क बजावला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात केंद्र बंद पडले. त्या वेळी राज्यात पुन्हा काँग्रेसप्रणीत सरकारच होते! ज्या पक्षाने करार केला, त्याच्याच राजवटीत तो मोडण्याची पाळी आली. डिसेंबर 2001 मध्ये मूळ एन्रॉन कंपनीचेच दिवाळे निघाले. 2005 मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांच्या पुढाकाराने हा प्रकल्प नव्या कंपनीकडे सोपविण्यात आला. आणि 2019 मध्ये या व्यवहाराच्या चौकशीचे प्रकरण, पंचवीस वर्षांचा काळ लोटला या कारणास्तव, सर्वोच्च न्यायालयात बंद झाले.

या सर्व काळात दोन्ही बाजूंचे वक्ते एकमेकांना काय म्हणत होते? एक म्हणे, ‘करार तुम्ही केला.’ दुसरा म्हणे, ‘समुद्रात बुडवितो म्हणालात आणि तुम्हीच बाहेर काढलात.’ दोघेही खरेच बोलत होते. पण दोघांच्या या खऱ्या बोलण्यातून वीज एक पैशानेही स्वस्त झाली नाही. कराराचे आकडे मांडून त्याची चिकित्सा करण्याचे काम पुण्यातील ‘प्रयास’सारख्या अभ्यासगटाने केले, न्यायालयाची पायरी कामगार संघटनांनी चढली, आणि 2001 मध्ये माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या व्यवहारातील दोष लेखी नोंदविले. पक्षांच्या भांडणापेक्षा या शांत कामाचे मोल अधिक आहे, हे आज कोणीही मान्य करील.

गोडाच्या व्यवहारातील कडू भाग

एन्रॉन परदेशी होती, म्हणून तिच्यावर राग काढणे सोपे होते. घरच्या कारखान्यांकडे पाहिले म्हणजे जीभ अडखळते. 1950 मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांच्या प्रयत्नाने, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या पाठबळाने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा शासनाने भागभांडवल आणि हमी यांच्या रूपाने हात दिला, तो योग्यच होता. ज्या शेतकऱ्याला सावकाराखेरीज कोणी दारात उभे करीत नव्हते, त्याच्या मालकीचा कारखाना निघणे ही सामाजिक क्रांती होती. तोच मार्ग खानदेशानेही धरला. फैजपूरचा मधुकर, चाळीसगावचा बेलगंगा, साक्रीचा पांझराकान, शिरपूरचा कारखाना – ही नावे एका पिढीच्या आशेची नावे आहेत. 1936 मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन ज्या फैजपूरला भरले आणि जेथे शेतकऱ्यांच्या प्रश्नांचा कार्यक्रम मांडला गेला, त्या भूमीत शेतकऱ्यांचा कारखाना निघावा, यात औचित्यही होते.

यांपैकी बहुतेक कारखाने पुढे कर्जात रुतले. काही बंद पडले, काही विक्रीला निघून दुसऱ्यांच्या हाती गेले. ऊस कमी, पाणी कमी, व्यवस्थापन ढिले, अशी कारणे अनेक आहेत. पण शासनाच्या हमीने घेतलेले कर्ज फेडले गेले नाही, तर ते कोणाच्या माथी बसते, हा प्रश्न विचारण्यास एकही पक्ष उत्सुक नव्हता. कारण कारखान्याच्या संचालक मंडळावर आज आपले नाही, तर उद्या आपल्याकडे येणारे लोक बसलेले असतात. राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ 2011 मध्ये दूर करण्यात आले. 2019 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कर्जवाटपाबाबत गुन्हा नोंदविला गेला. 2020 मध्ये पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला. पुढे राज्यातील सरकार बदलल्यावर अधिक तपासाची भाषा झाली, आणि 2024 मध्ये पुन्हा तपास बंद करण्याचा अहवाल सादर झाला. न्यायनिवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. कोणाला आधीच दोषी ठरविण्याचे कारण नाही. परंतु तपासाची दिशा आणि सत्तेची दिशा एकदमच बदलताना दिसली, की सामान्य माणसाच्या मनात संशय उभा राहतो, आणि त्याला दोष देता येत नाही. त्याच 2024 मध्ये राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जासाठी साखर कारखान्यांना राज्याने हमी दिली, तेव्हा ही मदत कारखान्याची प्रकृती पाहून मिळते की अध्यक्षाचा पक्ष पाहून, असा वाद लगेच पेटला. पूर्वी हाच वाद उलट्या बाजूंनी खेळला जात असे. नाटक तेच, पात्रांनी फक्त अंगरखे बदलले.

शब्दांची अदलाबदल

या दांभिकतेचे सर्वांत सोयीचे साधन म्हणजे भाषा. आपल्या सरकारने उद्योगाला दिले ते ‘प्रोत्साहन’. दुसऱ्याने दिले ती ‘खैरात’. कारखानदाराचे कर्ज ‘निर्लेखित’ होते, शेतकऱ्याचे ‘माफ’ होते; आणि माफी या शब्दातच अपराधाचा वास असतो. जुलै 2022 मध्ये पंतप्रधानांनी ‘रेवडी संस्कृती’वर टीका केली, दोन वर्षांच्या आत त्यांच्याच पक्षाच्या भागीदारीतील महाराष्ट्र सरकारने महिलांना दरमहा 1500 रुपयांची योजना आणली. तिच्यावर तिजोरीच्या चिंतेने टीका करणाऱ्या विरोधकांनी त्याच वर्षीच्या निवडणुकीत दरमहा 3000 रुपयांचे आश्वासन दिले. दुसरीकडे, सप्टेंबर 2019 मध्ये कंपन्यांवरील कराचा मूळ दर 30 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर आणला गेला, आणि त्यामुळे वर्षाला सुमारे 1 लक्ष 45 हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असे खुद्द अर्थमंत्र्यांनीच सांगितले. हा निर्णय चूक होता की बरोबर, यावर अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण त्याला रेवडी म्हणावे असे सरकार पक्षातील कोणाला वाटले नाही.

सप्टेंबर 2022 मध्ये वेदांत आणि फॉक्सकॉन यांचा अर्धवाहक प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाण्याचे जाहीर झाले, तेव्हा तर अजबच दृश्य दिसले. उद्योगपतींना सवलती देण्याविरुद्ध एरव्ही बोलणारे, आपण किती अधिक सवलती देऊ केल्या होत्या, याची यादी वाचू लागले! प्रकल्प कोणामुळे गेला यावर महिनोन्महिने रण माजले. जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतूनच अंग काढून घेतले. देऊ केलेल्या सवलतींच्या बदल्यात किती रोजगार, किती काळात आणि न झाल्यास काय, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात शेवटपर्यंत बाहेरच उभा राहिला.

दांभिकता सिद्ध झाली, मग पुढे?

येथे एक विवेक करणे अवश्य आहे. एखादा पक्ष दांभिक आहे, एवढ्याने त्याचे धोरण चूक ठरत नाही. आणि त्याचा प्रतिपक्ष दांभिक आहे, एवढ्याने बरोबरही ठरत नाही. 1995 मध्ये विरोधकांनी एन्रॉनबद्दल विचारलेले प्रश्न योग्य होते. ते विचारणारे पुढे बदलले, म्हणून प्रश्न अयोग्य झाले नाहीत. दांभिकतेचा आरोप माणसाची परीक्षा करतो, व्यवहाराची नव्हे. मतपरिवर्तन हाही गुन्हा नव्हे. सत्तेवर आल्यावर नवी माहिती मिळते, अडचणी कळतात. अशा वेळी कारणे उघडपणे सांगून जो मत बदलतो, तो प्रामाणिकच म्हटला पाहिजे. कारणे न सांगता बदलतो, तेथे शंकेला जागा होते.

तसेच सर्वच सरकारी मदत त्याज्य आहे, असेही नाही. 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि 1964 मध्ये मागास भागांतील उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आली, ती मुंबई–ठाणे–पुण्याच्या पलीकडेही महाराष्ट्र आहे, या जाणिवेतून. खानदेशातील तरुणाला नोकरीसाठी सुरत किंवा मुंबईची गाडी धरावी लागू नये, यासाठी शासनाने झळ सोसणे रास्तच आहे. मदत ही शिडी असावी; मात्र शिडीवर चढलेला माणूस वर पोहोचला की नाही, हे पाहण्याची, आणि न चढताच शिडी विकून खाणाऱ्याकडून ती वसूल करण्याची व्यवस्था हवी.

ही व्यवस्था चार साध्या प्रश्नांवर उभी राहू शकते. मदत कोणाला व किती, याची यादी प्रसिद्ध आहे काय? तिच्या बदल्यात काय करावयाचे, हे लेखी ठरले आहे काय? ठरलेले झाले की नाही, हे कोणी तटस्थपणे तपासले काय? आणि झाले नसल्यास पैसे परत घेण्याची तरतूद आहे काय? हमीच्या बाबतीत तर हे प्रश्न अधिकच निकडीचे आहेत. अनुदान दिल्याच्या दिवशी तिजोरीतून पैसा जातो, म्हणून निदान ते दिसते. हमीला त्या दिवशी एक पैसाही लागत नाही. म्हणूनच ती राजकारण्यांची आवडती. तिचे बिल दहा वर्षांनी येते, तेव्हा सही करणारा दुसऱ्याच पक्षात गेलेला असतो.

साधने अगदीच नाहीत असे नव्हे. 2006 पासून केंद्राच्या अर्थसंकल्पासोबत करसवलतींमुळे बुडणाऱ्या महसुलाचे विवरण दिले जाते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल विधिमंडळापुढे येतात. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने 2002 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये केला. उणीव आहे ती हे कागद वाचणाऱ्यांची. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी हा समाजातील वाचता-लिहिता वर्ग. त्यानेही केवळ आपल्या पक्षाची वकिली पत्करली, तर कागद कोण वाचणार?

उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकाला एक नियम ठाऊक असतो. तपासताना वरचे नाव पाहावयाचे नसते. उत्तर पाहावयाचे असते. आपल्या वर्गातील मुलाला वेगळे गुण आणि शेजारच्या वर्गातील मुलाला वेगळे, असे करणाऱ्या शिक्षकाला गाव नावे ठेवते. हाच नियम नागरिकाने सरकारी मदतीच्या प्रत्येक निर्णयाला लावला, पक्षाचे नाव झाकून निर्णय तपासला, तर नशिराबादच्या टपरीवरील वादही निराळ्या वळणाने जाईल. ‘तुमच्या राज्यात काय झाले?’ या प्रश्नाऐवजी ‘त्या पैशाचे काय झाले?’ हा प्रश्न तेथे विचारला जाईल. आणि तो दोन्ही बाकांवरील माणसांनी मिळून विचारला, तर उत्तर देणे सरकारला, मग ते कोणाचेही असो, टाळता येणार नाही.